रोयणीभोवतालचं रान

लव्हाळ्याबद्दलचं माझं मत मी कुणाला सांगत नाही, कारण ते चारचौघांत बोलण्याजोगं नाही. खुरप्याने ओढावं तर पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. गाठ खणून काढावी तर तिच्याखाली दोऱ्यासारख्या मुळाला दुसरी गाठ लोंबत असते, आणि ती काढेपर्यंत शेजारच्या भेंडीची मुळं उघडी पडलेली असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातवंडं खेळवतात, निदान दुपारची झोपतात तरी. मी दिवसभर उकिडवा बसून लव्हाळा उपटत होतो, आणि माझा सगळा संसार त्या लव्हाळ्यावर टांगलेला होता.

हे मी वाढवून सांगत नाही. नोकरीची सगळी वर्षं आम्ही म्हापशाला, बाजाराजवळच्या एका फ्लॅटमध्ये काढली. निवृत्त झालो तेव्हा मला डिचोलीत, आमोण्याकडच्या आमच्या गावी येऊन राहायचं होतं. घर लहान, पण धड. मागे परस मात्र ऐसपैस, आणि त्यात भेंडी, दोडकी, अळू, तवशीची काकडी असं काय काय लावायचं हे मी ऑफिसात बसून कित्येक वर्षं ठरवत आलो होतो. बायकोला यायचं नव्हतं. ती मूळची पेडण्याची, केरीच्या बाजूची. पण शुक्रवारचा बाजार, खालचं दुकान आणि समोरच्या गॅलरीतल्या बाईशी रोजच्या गप्पा यांची तिला इतकी सवय झाली होती, की गावातला दिवस तिला नुसताच लांबलचक वाटायचा. शिवाय सापांची भीती. शेवटी मुलाने मध्यस्थी केली. ठरलं असं, की आईने गणपतीच्या चवथीपर्यंत गावी राहून बघावं. जमलं तर ठीक, नाहीतर तिने म्हापशाला मुलाकडे परत जावं आणि मी माझ्या भेंड्यांबरोबर सुखाने नांदावं.

मे महिन्यात हे फार सोपं वाटलं होतं. फणसाखालच्या कोपऱ्यातली जुनी झुडपं सोडली, तर मेमध्ये आमच्या परसात होतं काय? लाल माती, फणसाचा पालापाचोळा आणि दोन-चार वाळक्या काटक्या. जून सरता सरता त्याच मातीने आपले खरे गुण दाखवले. टाकळा उठला, लाजाळू पसरली, रानमोडीने कुंपणाशी ठाण मांडलं, आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत लव्हाळा. मी लावलेली भेंडी मलाच शोधावी लागायची. बी विकत आणलं, वाफे केले, शेणखत घातलं ते भेंडीला; जेवून गेले दुसरेच.

अशात एका सकाळी कपडे धुवायच्या दगडाखालून दिवड बाहेर आला. दिवड म्हणजे पाण्याकाठचा साप, विषारी नव्हे. तो बिचारा बेडकाच्या मागे निघाला होता. बायकोने बादली तिथेच टाकली आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. मी समजुतीने सांगायला गेलो.

"दिवड तो. काय करणा नाय."

"तो काय करणा नाय तां माका ठावक आसा," ती म्हणाली. "पण माझ्या काळजाक काय जाता तां तुमका ठावक आसा? आधी ह्यां रान काडा. चवथीपर्यंत बघतलंय. नायतर मी म्हापशाक जातलंय."

तिने हे ओरडून सांगितलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि सुकलेले कपडे घडी करायला आत गेली. त्या दिवसापासून माझं आणि तणाचं वैर सुरू झालं.

रान काढायचं म्हटलं की गावात सल्ल्याला तोटा नाही. सर्वांत जवळचा सल्लागार म्हणजे शेजारी. त्याचे पूर्वी खाणीवर ट्रक होते. आता ट्रक गेले, वेळ उरला. तो मधल्या दगडी गडग्यावर कोपरं टेकून मला काम करताना बघत राहायचा. त्याचं म्हणणं, मीठ घाला. आगरवाड्याचं जाडं मीठ. त्याने स्वतः आपल्या फाटकाशी घातलं होतं आणि तिथलं गवत खरोखरच जळालं होतं. पण डिचोलीचा पाऊस मिठाला एका जागी बसू देईल होय? ते सगळं मीठ वाहत उताराला गेलं आणि त्याच्या लिंबाच्या मुळात जिरलं. लिंबाची पानं झडली. मी म्हटलं, "तुजा लिंबू मेलां." तर म्हणतो कसा, "तां वयान मेलां." अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी फक्त माझ्या बाजूने एक चर खणला, म्हणजे त्याचं शहाणपण वाहत माझ्या शेवग्यापर्यंत यायला नको.

मग गवत कापायचं यंत्र आणलं. यंत्रवाला आला, डोळ्यांना चष्मा, पायांत गमबूट, आणि फणसाखालचा झुडपांचा कोपरा सोडला तर सगळं परस हां हां म्हणता सपाट. बायको खिडकीतून बघून पहिल्यांदाच प्रसन्न हसली. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात दिसलं की तवशीचा वेल बुडातून कापला गेलाय. वेल वर मांडवावर हिरवागार, फुलांनी भरलेला, आणि खाली त्याला मूळच नाही. अळवाच्या पानांची चिरगुटं झाली होती. गवतात बसलेला एक मोठा बेडूक होता, त्याचं काय झालं ते मी सांगत नाही. परसातले किडे-अळ्या खाणारा तोच एकटा माझा बिनपगारी गडी होता. आणि लव्हाळा? त्याचे नुसते केस कापल्यासारखं झालं. पुढच्या आठवड्यात तो जास्त दाट होऊन आला.

बायकोनेही आपल्या परीने हातभार लावला. भाताची गरम निवळ ती मागल्या दारच्या दगडांच्या फटींत ओतायची. हे मात्र चाललं, मी खोटं कशाला बोलू? दगडांच्या मध्ये, जिथे आपलं काही लावलेलं नसतं, तिथे उकळतं पाणी गवताचा बंदोबस्त करतं. पण एकदा तिने ते गटाराकडच्या मातीत ओतलं आणि चार गांडुळं वळवळत वर आली. ती बराच वेळ तिथेच तांब्या धरून उभी होती. त्यानंतर ती फक्त दगडांवरच ओतायची, आणि ओतायच्या आधी "सरा रे बाबांनो, सरा" असं म्हणायची. मला हसू यायचं. सापाला भिऊन म्हापशाला निघालेली बाई गांडुळांना वाट मोकळी करून देत होती.

माझी स्वतःची पद्धत अशी होती. पाऊस उघडला की माती मऊ असते, तेव्हा हातानेच उपटायचं, फुलावर यायच्या आत. भेंडीच्या बुंध्याशी खुरपं लावायचं नाही, बोटांनी काढायचं. मोकळी झालेली जागा उघडी ठेवायची नाही. तिच्यावर पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाड अंथरायचा आणि वर नारळाच्या झावळ्यांची चुडतं टाकायची. खाली उजेडच गेला नाही की लव्हाळाही दमतो, भले उशिराने दमो. कुंपणाकडची रानफुलं मात्र मी राखली, कारण त्या फुलांवर येणाऱ्या मधमाशा जाता जाता माझ्या दोडकीवर आणि नव्याने लावलेल्या तवशीवर बसायच्या. गडग्याच्या पायथ्याशी थोडे दगड तसेच ठेवले, बेडकांना बसायला. हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुमी रान काडतात काय पोसतात?"

पद्धत बरोबर होती, पण ती गोगलगायीच्या चालीची होती. मी एका टोकाला पोचेपर्यंत मागचं टोक पुन्हा हिरवं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुलगा फोनवर रोज विचारायचा, "बाबा, कितके जालां?" आणि मग व्हिडिओ पाठवायचा. कुठल्या तरी कोरड्या देशातली माणसं कुठल्या तरी कोरड्या जमिनीत लांब दांड्याच्या हत्याराने उभ्या उभ्या तण काढताहेत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यांना म्हणावं, एकदा श्रावणात आमच्याकडे या, आणि मग उभे राहून दाखवा.

एका रविवारी तो स्वतःच आला. मी डिचोलीला मासळी आणायला गेलो होतो. परत येऊन फाटक उघडतो तर एक कडवट वास. मुलगा पाठीला निळा पंप लावून परसात फिरत होता आणि त्याची आई पदर नाकाला लावून दारात उभी होती.

"बाबा, फकत वाटेर मारलां," तो म्हणाला. "झाडांक मारूक नाय."

वाटेवर मारलं होतं हे खरं. पण वाऱ्याला कुणी सांगितलं होतं, की तूही फक्त वाटेवरून जा? मी मासळीची पिशवी तशीच खाली ठेवली आणि जे तोंडाला येईल ते बोललो. तणनाशकाच्या डबीवरची बारीक अक्षरं त्याला वाचून दाखवायचा प्रयत्न केला, चष्मा नव्हता म्हणून तेही जमलं नाही, त्यामुळे आणखीच भडकलो. पुढच्या काही दिवसांत अळवावर पिवळे डाग पडले. तवशीची कोवळी पानं मुडपून वाटीसारखी झाली आणि फुलं गळाली. फुलं नाहीत म्हटल्यावर मधमाशा कशाला येतात? वाटेवरचं गवत तेवढं मेलं, तपकिरी होऊन पडलं, आणि मेलेलं गवत जिवंत गवताहून जास्त भयाण दिसतं हे मला तेव्हा कळलं.

पण त्या दिवशी माझं बोलणं संपल्यावर बायको जे म्हणाली, ते मला अळवापेक्षा जास्त लागलं.

"तो आवयक हांगा रवूक येवचां म्हणान करता," ती म्हणाली. "तुमी कोणासाठी करतात?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते रागाच्या भरात देण्यासारखं नव्हतं. ती इथे राहावी एवढंच मला हवं होतं. स्वच्छ परस नको होतं, भेंडीही नको होती. ती म्हापशाला गेली असती तर त्या परसात मी कुणासाठी काय पिकवणार होतो? पण इतक्या वर्षांच्या संसारात असली वाक्यं बोलायची सवय राहत नाही. मी म्हटलं, "मासळी आत घे, मांजर येतलां." आणि पंप उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवला.

संध्याकाळी तिने कपाटावरची बॅग खाली काढली आणि पुसून खाटेवर ठेवली.

त्यानंतर रोज त्या बॅगेत काही ना काही जायचं. मी मोजत नव्हतो, पण दिसायचं. एक दिवस चांगली साडी, एक दिवस शाल. मी पहाटे उठून परसात उतरायचो आणि तण काढायचो, आणि चहाला आत आलो की आधी खाटेकडे बघायचो. कंबर धरली होती, नखांतली माती साबणाने निघत नव्हती. शेजारी गडग्यावरून म्हणायचा, "किदें रे, सरकारी नोकरी परत लागली तुका?"

हळूहळू विहिरीकडची बाजू साफ झाली, मग भेंडीचे वाफे, मग अळवाचा पट्टा. राहिला तो फणसाखालचा कोपरा. तिथे मी गेलोच नव्हतो, कारण तिथलं रान माझ्या छातीला लागत होतं. चवथीला थोडे आठवडे उरले, तेव्हा एकदा कुदळ, कोयती सगळं घेऊन त्यात शिरलो. टाकळा कापला, रानमोडी मोडली, आणि आत बघतो तर मातीचा एक लाल ढिगारा, माझ्या मांडीएवढा उंच, वर तीन-चार कळसासारखे सुळके. वारूळ. आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो छपराच्या वाशांचा. वाळवी घराच्या एवढ्या जवळ म्हणजे नसती आफत. शिवाय परसातली सर्वांत मोकळी, भुसभुशीत माती तीच. ढिगारा सपाट केला की अजून दोन वाफे सहज बसले असते. मी कुदळ उचलली.

"हात लावं नकात!"

बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. मी वळून बघेपर्यंत ती दारातून बाहेर पडलीसुद्धा. पायांत काही नाही, आणि उरलेल्या गुडघाभर गवतातून खाली न बघता सरळ धावत आली. जी बाई गेले दोन महिने धुवायच्या दगडाजवळ जाताना आधी काठी आपटायची, ती. माझ्या हातातली कुदळ तिने काढून घेतली, मागे टाकली आणि हात जोडले.

पेडण्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिच्या माहेरच्या देवळात गाभाऱ्यात मूर्ती नाही, रोयणच आहे. तीच देवी. तिला चोळखण नेसवतात, ओटी भरतात, कौल मागतात. लग्न होऊन आली तेव्हापासून फ्लॅटमधल्या फळीवरच्या तसबिरींना ती नमस्कार करत आली, पण तो रोजचा, घाईतला. आत्ताचा तसा नव्हता. तिचे डोळे भरून आले होते.

"ती हांगा आधीपासून आसा," ती म्हणाली. "आमी आता इलंव."

"अगो, ही वाळवी," मी म्हटलं. "घराचे वासे खातली."

"इतकी वर्सां खावंक नाय, आणि तुमी रिटायर जालंत म्हणान आता खातली?"

त्याच दिवशी हळद-कुंकू झालं, जास्वंद वाहिली, आणि माझ्यासाठी कायदे जाहीर झाले. रोयणीजवळ लोखंड न्यायचं नाही. चप्पल घालून जायचं नाही. आरडाओरडा करायचा नाही, म्हणजे मी तर जायलाच नको. मुलाला तिने फोन करून सांगितलं, की तो पंप पुन्हा गावात दिसता कामा नये. ज्या गोष्टीसाठी मी घसा कोरडा केला होता ती देवीने एका दुपारी करून टाकली. सुंठीवाचून खोकला गेला. मी मनातल्या मनात देवीला एक नमस्कार केलासुद्धा.

तो फार लवकर केला. कारण रोयणीभोवतालचं रान काढायलाही बंदी होती. ते तिचं पांघरूण, म्हणे. लोखंड चालत नाही म्हणून कोयती नाही, खुरपं नाही. आणि पांघरूण आहे म्हणून हातही नाही. म्हणजे सगळ्या परसात मी एकेक काडी वेचून काढायची, आणि तिकडे फणसाखाली टाकळा, लाजाळू, लव्हाळा यांनी देवस्थानच्या जागेत बिनधास्त राहायचं. टाकळ्याच्या शेंगा पिकल्या. वाऱ्याबरोबर त्या तडकायच्या आणि बी नेमकं माझ्या साफ केलेल्या वाफ्यात पडायचं. मी सकाळी ज्या वाफ्यातलं तण काढायचो, त्यात दुपारी देवी नवं पेरायची. मी करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

"निदान शेंगा तरी तोडूंक दी," मी एकदा अगदी काकुळतीला येऊन म्हटलं.

"तुमकाच बेडूक होये, मधमाशी होये, गांडूळ होये," ती म्हणाली. "सगळ्यांक जागा आसा तुमच्या परसात. मग हिकाच कित्याक नाय?"

बोललेलं आपलंच, आणि आपल्याच डोक्यात घातलेलं. अशाने माणूस जास्त चिडतो. मी त्या दिवशी जेवताना आमटी खारट आहे म्हणालो. ती खारट नव्हती.

रोयण निघाल्याची बातमी गडगा ओलांडून गेलीच. शेजाऱ्याची बायको नारळ घेऊन आली, आणि तिच्यामागोमाग तो. त्याने रोयणीला लांबून नमस्कार केला आणि लगेच हात पसरून मापं घ्यायला लागला. इथून इथपर्यंत सिमेंटचा चौथरा. त्यावर टाइल्स. वर पत्र्याचं छप्पर, एक बल्ब, भोवती स्टीलचा कठडा. आणि विहिरीपासून इथवर सगळीकडे पेव्हर ब्लॉक.

"पेव्हर घातलें काय गवताची काडी येवची नाय," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "तुजोय प्रस्न सुटलो, वहिनीचोय सुटलो."

"तिच्या आंगार सिमेंट घालतल्यात?" बायको म्हणाली.

"आनि पावसाचें उदक खंय वचतलें?" मी म्हणालो.

आम्ही दोघं एकाच वेळी बोललो आणि एकाच आवाजात. मी आणखी सांगितलं, की माती श्वास घेते, खालची गांडुळं मरतील, बेडूक कुठे जातील. बायकोने त्यात भर घातली, की देवीला उन्हापावसाची सवय असते, तिला बल्ब कशाला? शेजारी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग प्रसादाची अर्ध्या नारळाची भक्कल घेऊन घरी गेला. तो गेल्यावर बायकोने न मागता चहा केला. आम्ही मागल्या पायरीवर बसून प्यालो. गावी आल्यापासून कुठल्याही गोष्टीवर आमचं एकमत झालेलं ते पहिलंच. मला वाटलं आता विचारावं, राहशील का म्हणून. पण आत खाटेवर बॅग होती, आणि तिची चेन लावलेली होती.

चवथ झाली. दीड दिवसाचा गणपती. मुलगा आला, नेवऱ्या झाल्या, आरत्या झाल्या, आणि रोयणीच्या कोपऱ्यातल्या रानात उगवलेला तेरडा बायकोने स्वतः काढून आणून गणपतीपुढे ठेवला. मी सगळ्यावर कुरकुरत होतो. समईची वात मोठी आहे, मोदकाची पारी जाड आहे, मुलाने गाडी भलत्याच ठिकाणी लावली आहे. खरं काय ते विचारायचं धैर्य नव्हतं, म्हणून बाकी सगळ्याला नावं ठेवत होतो. विचारलं आणि ती "होय, जातलंय" म्हणाली, तर पुढे मी काय बोलणार होतो? विसर्जनानंतर घर इतकं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळाचाही राग यायला लागला.

ठरल्याप्रमाणे रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. येतानाच त्याने ती वळवून तोंड रस्त्याकडे करून ठेवली. खाटेवरची बॅग उचलली आणि म्हणाला, "कितली जड ही. आई खंय आसा?"

आई स्वयंपाकघरात नव्हती. न्हाणीत नव्हती. मागलं दार सताड उघडं होतं.

ती फणसाखाली होती. साडी वर खोचून, अनवाणी, रोयणीच्या शेजारी उकिडवी बसलेली, अगदी मी बसतो तशी. दोन्ही हातांनी टाकळा उपटून टोपलीत टाकत होती. कापाकापी नाही, ओढाताण नाही. बुडाशी धरायचं, हलवायचं आणि सोडवून घ्यायचं. माझी पद्धत. मला बघून तिने आपणच खुलासा केला.

"हातान काडल्यार चलता. लोखंड नको."

कायदा तिचा, सवलतही तिचीच.

"आई, चल," मुलगा म्हणाला. "उशीर जाता."

"तू जा. ह्यां अर्धां टाकून खंय येव?"

"आनि ही बॅग?"

"ती व्हर. बऱ्या साड्यो आसत त्यात. हांगा ठेवल्यार वाळवी खातली."

तिने हे मान वर न करता सांगितलं. देवीवर तिचा पूर्ण विश्वास होता, पण साड्यांच्या बाबतीत नव्हता. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी फणसाकडे बघितलं, कारण त्या क्षणी मला कुणाकडेच बघता येत नव्हतं. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि रस्त्याला लागून दूर गेला.

मी चपला काढल्या आणि तिच्याजवळ गेलो. टोपली काठोकाठ भरली होती. तिने वरची एक मूठ उचलून मला दाखवली.

"ही कामोणी बघा किती जाल्ली," ती म्हणाली. "ओळीन उगवल्ली मेली. सगळी काडलंय."

ती कामोणी नव्हती. चवथीच्या आधी मी रोयणीजवळच्या, बंदी येण्यापूर्वीच मोकळ्या केलेल्या भुसभुशीत मातीत तिला न सांगता हातानेच हरमल मिरचीचा तरवा, म्हणजे रोपांसाठी बी, टाकला होता. तिच्या माहेरच्या बाजूचीच मिरची, तिथूनच मागवलेलं बी. मिरचीची रोपं कोवळी असताना कामोणीच्या तणासारखीच दिसतात, हे खरं आहे. पण ओळीत उगवलेलं तण जगात कुणी बघितलंय? मी वाकून बघितलं. सगळा वाफा साफ झाला होता. वर तिने माती हाताने थापून सारखीसुद्धा केली होती. लव्हाळ्यासाठी राखून ठेवलेले सगळे शब्द माझ्या जिभेवर आले.

ती कपाळावरचा घाम मनगटाने पुसत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"होय गो," मी म्हटलं. "बरां केलंस. खूब माजल्ली."